तापलेल्या टायटॅनियमला वाचवणारे लेप: या कामात पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

टायटॅनियम गंजत नाही ही ख्याती खरी आहे, पण ती थंड टायटॅनियमची. साध्या हवेत त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा आपोआप बसतो. ओरखडा पडला तर तो लगेच भरून येतो आणि समुद्राच्या पाण्यातही धातूला काही होऊ देत नाही. हाच धातू ५५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या वर बराच काळ ठेवला की चित्र पालटतं. पापुद्रा जाड होतो, सच्छिद्र होतो, थरांमध्ये सुटायला लागतो, आणि मुख्य म्हणजे ऑक्सिजनला अडवायचं सोडून देतो.

पोलाद तापलं की ऑक्साइडचे पापुद्रे निघतात, धातूची जाडी कमी होते, आणि किती गेलं ते मोजता येतं. टायटॅनियममध्ये त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते, आणि नवख्या माणसाच्या नजरेतून नेमकी तीच सुटते. ऑक्सिजन धातूत विरघळतो. अल्फा टायटॅनियममध्ये, म्हणजे सामान्य तापमानाला असणाऱ्या त्याच्या स्फटिकरचनेत, शंभर अणूंपैकी तेहतीसच्या आसपास ऑक्सिजनचे असू शकतात. धातूंमध्ये एवढी भूक क्वचितच दिसते. पृष्ठभागाखाली ऑक्सिजनने भरलेला जो कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो त्याला कामावर ‘अल्फा केस’ म्हणतात. बाहेरून रंग शाबूत आणि आत भिंत ओलीने पोखरलेली, तसा हा प्रकार असतो. तुकडा दिसायला ठीक, वजनात फारसा फरक नाही, पण ताण दिला की त्या पट्ट्यात चिरा पडतात आणि त्या चिरांतून अख्खा भाग फुटतो.

म्हणून टायटॅनियमच्या लेपाची परीक्षा लेपाकडे बघून होत नाही. लेपाखालच्या धातूत ऑक्सिजन किती शिरला, आणि लेपामुळे त्या धातूचं दुसरं काही नुकसान झालं का, हे पाहावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांभोवती फिरतात.

पायरी १: लेपाआधी तापमान आणि तास लिहून काढा

संमिश्र कोणतं आहे आणि ते किती तापतं, हे पहिल्या दिवशी कागदावर हवं. सर्वांत जास्त वापरलं जाणारं संमिश्र म्हणजे सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमचं, ज्याला ग्रेड ५ किंवा नुसतं ‘सिक्स-फोर’ म्हणतात. ते दीर्घकाळ ३५० ते ४०० अंशांपर्यंत वापरतात. ‘सिक्स-टू-फोर-टू’ हे कथील, झिर्कोनियम आणि मॉलिब्डेनम असलेलं संमिश्र ५४० अंशांच्या आसपास चालतं. आयएमआय ८३४ सारखी खास उच्च तापमानासाठी घडवलेली संमिश्रं ६०० अंशांपर्यंत जातात. त्यापुढे गॅमा टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइडचं राज्य सुरू होतं. त्यात निम्म्याच्या जवळपास अणू अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि वापर ७५० ते ८०० अंशांपर्यंत होतो. जनरल इलेक्ट्रिकच्या जीईएनएक्स इंजिनात कमी दाबाच्या टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यांतली पाती याच अ‍ॅल्युमिनाइडची असतात. त्याची घनता जास्त तापमानासाठीच्या निकेल संमिश्राच्या, म्हणजे निकेलच्या सुपरअ‍ॅलॉयच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून एवढा खटाटोप.

आता स्वतःला एक रोखठोक प्रश्न विचारा. आपला भाग त्या तापमानाला ऑक्सिजनमुळे मरणार आहे, की क्रीपमुळे? म्हणजे सतत ताणाखाली हळूहळू लांबत जाऊन? क्रीपमुळे मरणार असेल तर कोणताही लेप त्याला वाचवणार नाही. संमिश्रच बदलावं लागेल. सिक्स-फोरवर चांगला लेप दिला म्हणजे ते ७०० अंशांना चालेल, ही आशा मी अनेकदा ऐकली आहे. ऑक्सिजन अडेलही, पण धातूत तेवढा जोर उरलेला नसतो.

तासही महत्त्वाचे. ऑक्सिजन आत शिरण्याची खोली साधारण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चौपट तास झाले की खोली दुप्पट. तापमानाचा परिणाम याहून फार तीव्र असतो, वाढत्या तापमानाबरोबर वेग घातांकी रीतीने चढतो. त्यामुळे ‘सरासरी ५५०’ या माहितीचा काही उपयोग नाही. कमाल किती आणि त्या कमाल तापमानाला एकूण किती तास, ते मिळवा. भाग सतत तापलेला राहतो की तापतो-निवतो, हेही त्याच कागदावर लिहा.

पायरी २: हवेत आणखी काय आहे?

कोरडी हवा हा सगळ्यांत सोपा शत्रू. पाण्याची वाफ असेल तर रुटाइल, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचा नेहमीचा प्रकार, जास्त वेगाने वाढतो. इंधनात गंधक आणि हवेत मीठ असेल तर पृष्ठभागावर सोडियम सल्फेट साचतं. शुद्ध सोडियम सल्फेट ८८४ अंशांना आणि मीठ ८०१ अंशांना वितळतं, पण दोन्ही एकत्र आले की मिश्रण ६२५ अंशांच्या आसपासच द्रव होऊ शकतं. द्रव क्षार ऑक्साइडचा पापुद्रा विरघळवतो आणि खालचा धातू उघडा पाडतो. इंधनात व्हॅनेडियम असेल तर त्याचं पेंटॉक्साइड ७०० अंशांच्या आतच वितळतं आणि अवस्था आणखी बिघडते.

मिठाचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. साधारण २५० ते ५०० अंशांत, ताणाखाली असलेल्या टायटॅनियमवर कोरडं मीठ जरी असलं तरी चिरा पडू शकतात. क्रीपच्या चाचण्यांत बोटांच्या ठशांपासून चिरा सुरू झालेल्या आढळल्या आहेत. घामातलं मीठ तेवढ्याला पुरतं. म्हणून साफ केलेला नमुना उघड्या हाताने उचलायचा नाही. शिस्तीचा भाग म्हणून हे सांगत नाही, त्यामागे एवढं ठोस कारण आहे.

पायरी ३: लेप निवडणं

इथे बराच वेळ द्या. बाकीच्या चुका दुरुस्त करता येतात, चुकीच्या कुळातला लेप निवडला की सगळंच वाया जातं.

कोणताही लेप शेवटी आपल्यावर एखादा संथ वाढणारा ऑक्साइड धरतो आणि त्याच्या जिवावर काम करतो. उच्च तापमानाला असे ऑक्साइड मुख्यतः तीन: अ‍ॅल्युमिना, क्रोमिया आणि सिलिका, म्हणजे अनुक्रमे अ‍ॅल्युमिनियम, क्रोमियम आणि सिलिकॉनचे ऑक्साइड. टायटॅनियमच्या बाबतीत अ‍ॅल्युमिनाच्या वाटेत एक अडचण आहे. टायटॅनियमला आणि अ‍ॅल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ जवळजवळ सारखीच आहे. त्यामुळे संमिश्रात अ‍ॅल्युमिनियम असूनही निव्वळ अ‍ॅल्युमिना बनत नाही, रुटाइल आणि अ‍ॅल्युमिनाची खिचडी बनते. टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीत हवेमध्ये सलग अ‍ॅल्युमिना धरणारं संयुग एकच, ते म्हणजे एका टायटॅनियममागे तीन अ‍ॅल्युमिनियम असलेलं ट्रायअ‍ॅल्युमिनाइड. अ‍ॅल्युमिनायझिंगचं (पृष्ठभागात अ‍ॅल्युमिनियम शिरवण्याचं) सगळं शास्त्र इथून निघतं: पृष्ठभागावर ट्रायअ‍ॅल्युमिनाइड घडवा, त्याला अ‍ॅल्युमिना धरू द्या.

पद्धत स्वस्त, आतल्या कोपऱ्यांपर्यंत पोचणारी आणि समजायला सोपी. पण दोन दुखणी आहेत. पहिलं म्हणजे ट्रायअ‍ॅल्युमिनाइड फार ठिसूळ असतं आणि तापल्यावर खालच्या संमिश्रापेक्षा जास्त प्रसरण पावतं. समजा प्रसरणांकातला फरक दर अंशामागे दहा लाखांत ४ भाग आहे आणि लेप ७०० अंशांनी निवला. फरक येतो ०.२८ टक्के. ठिसूळ थराला एवढा ताण सोसत नाही, आणि निवताना आकसणारा लेप ओढला जाऊन आरपार चिरतो. दुसरं दुखणं काळाबरोबर येतं. अ‍ॅल्युमिनियम बाहेर ऑक्साइडमध्ये खर्च होतं त्यापेक्षा जास्त आतल्या धातूत झिरपत जातं. ट्रायअ‍ॅल्युमिनाइडचं हळूहळू कमी अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांत रूपांतर होतं आणि एके दिवशी लेप जागेवर असूनही अ‍ॅल्युमिना धरेनासा होतो. लेप कधी संपेल याचा अंदाज बांधताना नवखे फक्त बाहेरची बाजू मोजतात.

यावर उपाय म्हणून टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम आणि क्रोमियम या तिघांचे लेप आले. क्रोमियममुळे कमी अ‍ॅल्युमिनियमवरही सलग अ‍ॅल्युमिना बनतो. लेपाची घडण गॅमा अ‍ॅल्युमिनाइडच्या जवळची असल्याने त्यावर तो चांगला बसतो. हे लेप बहुधा मॅग्नेट्रॉन स्पटरिंगने (निर्वातात आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून ते भागावर बसवण्याच्या पद्धतीने) देतात, थोडं यिट्रियम घालून पापुद्र्याची पकड सुधारतात. गॅमावर काम करायचं असेल तर मी पहिल्यांदा याच कुळाकडे बघेन.

निकेलच्या सुपरअ‍ॅलॉयवर वर्षानुवर्षं यशस्वी ठरलेला एक लेप आहे: निकेल किंवा कोबाल्टचा पाया, त्यात क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम आणि यिट्रियम. तो उचलून टायटॅनियमवर टाकायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका, निदान मध्ये अडथळ्याचा थर असल्याशिवाय नको. निकेल टायटॅनियममध्ये वेगाने झिरपतं, सीमेवर ठिसूळ संयुगांचे थर बनतात, आणि टायटॅनियमच्या बाजूला या जोडीचं मिश्रण ९४२ अंशांनाच वितळतं. लेपाचा ऑक्साइड उत्तम असतो, पण लेप आणि धातू यांचं जमत नाही.

नायट्राइडचे लेप, म्हणजे टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड किंवा क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड, कापणीच्या हत्यारांवरून इकडे आले. साधं टायटॅनियम नायट्राइड ५०० ते ६०० अंशांतच ऑक्सिडाइज व्हायला लागतं, अ‍ॅल्युमिनियम घातलं की मर्यादा ८०० च्या आसपास जाते. जाडी काही मायक्रॉनच असते, धूळ आणि वाळूच्या माऱ्याला टिकतात. मात्र एखादा सूक्ष्म छेद राहिला तर ऑक्सिजन तिथूनच आत घुसतो आणि त्या ठिपक्याखाली अल्फा केसची वाटी तयार होते.

सिलिसाइडचे (सिलिकॉनच्या संयुगांचे) आणि काचेचे लेप यांना कमी लेखलं जातं असं माझं मत आहे. काच, म्हणजे एनॅमल, ही तर ऑक्सिजनविरुद्धची जवळजवळ सर्वांत घट्ट भिंत. तिचा प्रसरणांक घटक बदलून संमिश्राशी जुळवता येतो, आणि ती आधीच ऑक्साइड असल्यामुळे ‘ऑक्साइड बनेल का’ हा प्रश्न उरत नाही. तिची मऊ होण्याची पातळी वापराच्या तापमानापेक्षा वर हवी आणि भाजण्याचं तापमान संमिश्राला सोसेल एवढं खाली हवं. या दोन अटींमधली फट अरुंद असते. ठोके बसणाऱ्या जागी अर्थातच काच नको. फोर्जिंगसाठी भाग तापवताना अल्फा केस टाळायला तात्पुरता काचेचा लेप देतात, तो याच कुळातला.

शेवटी हॅलोजनची पद्धत, जी लेप म्हणावी की नाही असा प्रश्न पडतो. गॅमा अ‍ॅल्युमिनाइडच्या पृष्ठभागात अगदी थोडं फ्लोरिन शिरवलं, फवारून, बुडवून किंवा आयनांच्या माऱ्याने, तर तापल्यावर पापुद्र्याखाली अ‍ॅल्युमिनियमचं वायुरूप फ्लोराइड बनतं. ते बाहेर सरकताना ऑक्साइड होतं आणि सलग अ‍ॅल्युमिनाचा थर उभा राहतो. प्रमाण एका ठरावीक पट्ट्यात हवं, कमी पडलं तर परिणाम नाही, जास्त झालं तर पापुद्राच उडतो. अणुसंख्येने चाळीस टक्क्यांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियम नसेल तर ही युक्ती चालत नाही, म्हणून सिक्स-फोरवर आधी अ‍ॅल्युमिनियम चढवावं लागतं. गंमत म्हणजे ज्या कुळातल्या क्लोरिनमुळे मिठाच्या चिरा पडतात, त्याच कुळातलं फ्लोरिन इथे रक्षक ठरतं.

पायरी ४: पृष्ठभागाची तयारी

भाग ओतलेला, फोर्ज केलेला किंवा आधी भट्टीत गेलेला असेल तर त्यावर अल्फा केस आधीच असणार. त्यावर लेप दिला तर तो ठिसूळपणा आत बंद होतो. आधी तो काढा. मशिनवर कापता येतो, नाहीतर नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या मिश्रणात पिकलिंग करून. या मिश्रणात नायट्रिक आम्ल हायड्रोफ्लोरिकच्या सुमारे दहापट ठेवतात, कारण नायट्रिक कमी पडलं की टायटॅनियम हायड्रोजन शोषतं. सिक्स-फोरमध्ये हायड्रोजनची मर्यादा दहा लाखांत १२५ ते १५० भाग इतकी कमी धरतात, ती ओलांडली की धातू ठिसूळ होतो.

हायड्रोफ्लोरिक आम्लाबद्दल थांबून सांगतो. ते कातडीतून आत जातं, वेदना कधी कधी उशिरा जाणवतात, आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून हृदयावर परिणाम करतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय, योग्य हातमोजे, चेहऱ्यावरची ढाल आणि सुरू असलेलं फ्यूम हूड असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. एकट्याने तर कधीच नाही. थेंब जरी उडाला तरी लगेच भरपूर पाण्याने धुवून, जेल लावून डॉक्टरकडे जायचं, दुखत नसलं तरी.

तेल-ग्रीस काढायला क्लोरिनयुक्त द्रावकं वापरू नका, कारण वर आलंच आहे. शुद्ध मिथेनॉलही नको. १९६६ मध्ये अपोलो यानाची टायटॅनियमची टाकी दाबाच्या चाचणीत फुटली, कारण चाचणीसाठी तिच्यात मिथेनॉल भरलं होतं. अल्कधर्मी साबण, मग आयनविरहित पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन, एवढं पुरतं. कॅडमियमचा मुलामा दिलेली पकड किंवा स्क्रू तापणाऱ्या टायटॅनियमजवळ येऊ देऊ नका.

अ‍ॅल्युमिनाच्या दाण्यांनी ब्लास्टिंग करायचं असेल तर दाब कमी ठेवा. दाणे मऊ टायटॅनियममध्ये रुततात आणि लेपाखाली खडे राहतात. धारदार कडा गोल करा, अर्ध्या मिलिमीटरची तरी त्रिज्या द्या. कडेवर लेप सर्वांत आधी चिरतो, हा नियम मला अजून मोडलेला दिसलेला नाही. घासताना निघणारी टायटॅनियमची बारीक पूड पेट घेते. त्यावर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड मारायचा नाही, धातूच्या आगीसाठीची कोरडी पूड किंवा कोरडी वाळू वापरायची.

पायरी ५: प्रत्यक्ष लेप

नवख्याने सुरुवात पॅक अ‍ॅल्युमिनायझिंगने करावी. यंत्रसामग्री म्हणजे एक नळीची भट्टी, झाकणाचं भांडं आणि शुद्ध आर्गॉन. अ‍ॅल्युमिनियमची पूड, थोडा सक्रियक क्षार आणि उरलेली अ‍ॅल्युमिनाची पूड असं मिश्रण करून नमुना त्यात पुरायचा. तापल्यावर क्षारापासून अ‍ॅल्युमिनियमचे वायुरूप हॅलाइड बनतात, ते नमुन्यापर्यंत अ‍ॅल्युमिनियम पोचवतात. पुस्तकांतल्या पाककृतींत सक्रियक म्हणून अमोनियम क्लोराइड असतो, कारण त्या निकेलसाठी आणि पोलादासाठी लिहिलेल्या आहेत. अमोनियम क्लोराइड फुटला की हायड्रोजन सुटतो, आणि तो प्यायला टायटॅनियम टपलेलं असतं. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड किंवा सोडियम फ्लोराइड घ्या. अमोनियम क्लोराइडच वापरावा लागला तर नंतर निर्वात भट्टीत ७०० अंशांच्या आसपास हायड्रोजन काढून टाका आणि तो खरोखर गेला का ते मोजून घ्या.

तापमान वाढवलं की लेप जाड होतो, आणि जाड लेप म्हणजे जास्त टिकाऊ असं वाटतं. ट्रायअ‍ॅल्युमिनाइडच्या बाबतीत जाडी वाढली की चिराही वाढतात. आधी पातळ, सलग थर मिळवा, मग जाडीचा विचार करा. सिक्स-फोरची बीटा सीमा, म्हणजे अल्फा रचना पूर्ण नाहीशी होते ते तापमान, ९९५ अंशांच्या आसपास आहे. ती ओलांडली तर धातूची आतली रचनाच बदलते, कण मोठे होतात, आणि फटीगची, म्हणजे वारंवार येणारा-जाणारा ताण सोसण्याची, ताकद घसरते. लेप उत्तम झाला तरी तो भाग बाद.

दुसरी वाट म्हणजे स्पटरिंगने आधी अ‍ॅल्युमिनियमचा थर चढवायचा आणि मग निर्वात किंवा आर्गॉनच्या भट्टीत ६०० ते ६५० अंशांना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम वितळण्याच्या ६६० अंशांच्या खाली, विसरणाने ट्रायअ‍ॅल्युमिनाइड करायचं. इथे जाडी हातात राहते आणि हायड्रोजनचा प्रश्न येत नाही. मात्र स्पटरिंग समोर दिसेल तिथेच बसतं. नमुना फिरवणारी पकड नसेल तर एक बाजू भरलेली आणि दुसरी जवळजवळ उघडी मिळते.

भट्टीतल्या हवेबद्दल संशयी राहा. निर्वात एक लाखांश मिलिबारच्या आसपास हवा. आर्गॉन असेल तर वाटेत तापलेला टायटॅनियमचा भुसा ठेवा, तो उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतो. प्रत्येक खेपेला लेप नसलेला एक चकचकीत टायटॅनियमचा तुकडा साक्षीदार म्हणून ठेवा. तो रुपेरी बाहेर आला तर भट्टी स्वच्छ. फिकट पिवळसर छटा असेल तर थोडी गळती. निळा किंवा जांभळा आला तर गळती शोधल्याशिवाय पुढची खेप टाकू नका. राखाडी, पापुद्रे सुटणारा आला तर आतले सगळे नमुने संशयास्पद.

पायरी ६: चाचणी

नमुना समजा २० बाय १० बाय २ मिलिमीटरचा. सहाही बाजू धरून क्षेत्रफळ येतं ५.२ चौरस सेंटिमीटर. त्यावर एक मायक्रॉन सलग अ‍ॅल्युमिना बनला तर वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१९ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण एक मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं. म्हणून तराजू निदान ०.०१ मिलिग्रॅम दाखवणारा हवा. तुलनेसाठी: दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅम ऑक्सिजन सगळाच रुटाइलमध्ये गेला तर पापुद्रा सुमारे सहा मायक्रॉनचा होतो. हे दोन आकडे लक्षात असले की निकाल बघताक्षणी अंदाज येतो.

स्थिर तापमानाच्या चाचणीसाठी आयएसओ २१६०८ आणि तापणं-निवणं करण्यासाठी आयएसओ १३५७३ ही मानकं आहेत, ती वाचून काढा. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर तापणं-निवणं निवडा. स्थिर तापमानाला छान दिसणारे कितीतरी लेप निवताना उडतात. चाचणी हवेत करा, शुद्ध ऑक्सिजनमध्ये नको. गॅमा अ‍ॅल्युमिनाइडवर हवेतला नायट्रोजन पापुद्र्याच्या मुळाशी नायट्राइड बनवून अ‍ॅल्युमिना जोडू देत नाही, त्यामुळे ऑक्सिजनमधले निकाल फसवे सुंदर येतात. नमुना मुशीत ठेवा आणि गळालेले पापुद्रेही तोला. नाहीतर पापुद्रे उडाल्यामुळे कमी झालेलं वजन आणि ऑक्सिजनमुळे वाढलेलं वजन एकमेकांना खाऊन आलेख सपाट दिसतो आणि तुम्ही खूश होता.

वजनावर मात्र थांबू नका, कारण वाढलेला ऑक्सिजन पापुद्र्यात आहे की धातूत, हे तराजू सांगत नाही. नमुना कापा, एपॉक्सीत बसवा, पॉलिश करा, क्रॉलच्या द्रावणाने (आतली रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग कोरणाऱ्या आम्लमिश्रणाने) कोरून घ्या. त्यातही हायड्रोफ्लोरिक आम्ल असतंच, तेव्हा वरची खबरदारी इथेही. सूक्ष्मदर्शकात अल्फा केसचा पांढरट पट्टा दिसेल. मग लेपाच्या सीमेपासून आतपर्यंत कमी वजनाने, २५ किंवा ५० ग्रॅम, व्हिकर्सचे, म्हणजे कडकपणा मोजण्याचे, ठसे घेत चला. सिक्स-फोरचा गाभा साधारण ३२० ते ३५० च्या आसपास असतो. कडेला आकडा चढलेला असेल तर तो गाभ्याच्या पातळीला कुठे उतरतो ती खोली नोंदवा. ती पांढऱ्या पट्ट्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त भरते, म्हणून नुसत्या फोटोवर विसंबू नका. मिठाच्या चाचणीतला नमुना असेल तर कापताना-घासताना पाणी टाळा, क्षार धुवून जातात आणि पुरावाही.

लेप नसलेला नमुना त्याच भट्टीत, त्याच वेळी हवा. तो नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

पायरी ७: लेपामुळे धातू कमजोर झाला का?

टायटॅनियमची संमिश्रं खाचेला हळवी असतात, आणि ठिसूळ लेपातली चीर म्हणजे तयार खाच. लेप दिलेल्या नमुन्याचं फटीग आयुष्य लेपाविना असलेल्या ताज्या नमुन्यापेक्षा कमी येणं हे नवल नाही. पाहायचं असतं ते किती कमी, आणि तापवलेल्या उघड्या नमुन्याच्या तुलनेत कुठे. म्हणून तीन गट लागतात: ताजा उघडा, तापवलेला उघडा, तापवलेला लेपवाला. चाचणी सामान्य तापमानालाही घ्या. ठिसूळ थर थंड असतानाच जास्त घात करतो, आणि यंत्र दर वेळी थंडीतूनच सुरू होतं.

फटीगचं यंत्र हाताशी नसेल तर चार बिंदूंवर वाकवण्याची चाचणी करा आणि कितव्या टक्क्याला पहिली चीर पडते ते ध्वनिसंवेदकाने पकडा. हा आकडा भागात प्रत्यक्ष येणाऱ्या ताणापेक्षा कमी असेल तर ऑक्सिडेशनचे निकाल कितीही चांगले असोत, तो लेप त्या जागेसाठी नाही.

पायरी ८: वापरात गेल्यानंतर

पहिल्या तपासणीची तारीख चाचणीतल्या सर्वांत वाईट नमुन्यावरून ठरवा, सरासरीवरून नको. तपासणीत कडा, भोकांचे काठ आणि दोन भाग घासतात त्या जागा आधी बघा. लेप खरवडून पुन्हा द्यायचा असेल तर विसरणाने बसलेला लेप काढताना थोडा मूळ धातूही जातो, आणि खाली अल्फा केस असेल तर तोही काढावा लागतो. भिंतीची जाडी प्रत्येक वेळी घटते. म्हणून पहिला लेप देण्याआधीच भागाची जाडी ठरावीक बिंदूंवर मोजून नोंदवून ठेवा, आणि किती जाडीखाली भाग भंगारात जाईल तो आकडाही त्याच नोंदीत, त्याच दिवशी लिहा.